पाठमोरा रानबोकड

आमच्या बैठकीच्या खिडकीत रंगीत काचांची रांग टांगलेली आहे. त्यातली एक मला बघवत नाही, आणि ती नेमकी माझीच आहे.

आमच्या खोऱ्यात घराला नाव असलं की कुलचिन्ह असतंच. राजेराजवाडे नव्हेत हो आम्ही, शेणात हात घालणारी माणसं, पण चिन्हाची ढाल प्रत्येकाची. माझ्या सासरच्या रुप्पेनांची ढाल पिवळी, त्यावर काळा रानबोकड, त्याच्या खुरांखाली तीन हिरव्या टेकड्या. घरात लग्न ठरलं की काच रंगवून घ्यायची. डावीकडे नवऱ्याची ढाल, उजवीकडे बायकोची, खाली दोघांची नावं आणि साल. आता ढालीवरचं जनावर एरवी कायम डावीकडे तोंड करून असतं. तसंच ठेवलं तर बायकोच्या ढालीकडे त्याची पाठ होते. म्हणून लग्नाच्या काचेत ते फिरवून काढतात, बायकोकडे तोंड करून. घरात येणाऱ्या माणसाला पाठ दाखवू नये, इतकी साधी रीत. शेंबड्या पोरालाही इथं ते कळतं.

आमच्या खिडकीत बोकड आजेसासूकडे वळलाय, सासूकडे वळलाय, धाकट्या जावेकडेसुद्धा वळलाय. फक्त माझ्याकडे नाही. माझ्या माहेरच्या निळ्या ढालीवर दोन चांदण्या आहेत, आणि त्या चांदण्यांसमोर गेली पस्तीसच्या वर वर्षं बोकडाचं ढुंगण आहे.

का, तर मी नदीपलीकडच्या गावची. हिमनदीचं पाणी पाटानं शेतात आणायचं, त्याच्या पाळ्या लावायच्या, आणि त्या पाळ्यांवरून दोन गावांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडायची, हा आमच्याकडचा जुना धंदा. सासरे काच करायला सांगताना म्हणाले, "आमचा बोकड त्या पाणीचोरांकडे बघणार नाही." आणि माझा नवरा, ओथमार? बापाच्या शेजारी बसला होता. तोंडात मिठाची गुळणी.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मला एक खुळी आशा वाटली. काच आहे ना, मग बाहेरून बघितली तर उलटी दिसेल! घरात कुणी नाही बघून मी बर्फात जाऊन खिडकीसमोर उभी राहिले. चांदण्या डावीकडे गेल्या, बोकड उजवीकडे आला, आणि पाठ होती तिथंच. दोन्ही बाजूंनी पाठच. मला हसूही आलं आणि रडूही. कुणी बघितलं नाही म्हणून देवाचे आभार मानले आणि आत येऊन सूप ढवळत बसले. तेव्हापासून दर शनिवारी ती काच मीच पुसते. सगळ्या पुसते, तर तिला कशी वगळणार?

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे माझा किलियान लग्न करायला निघाला.

मुलगी दुल्से. आई-बाप पोर्तुगालचे, ती जन्मली-वाढली इथंच, खाली ब्रिग शहरात. दवाखान्यात नर्स आहे, बोलायला फटाकडी, हसली की सगळं घर हसतं. दोघं लग्नानंतर आमच्याच वरच्या मजल्यावर राहणार, किलियान हळूहळू गाई सांभाळायला घेणार, असं ठरलं होतं. मी खिडक्यांचे पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. पोरगा बारा गावचं पाणी पिऊन शेवटी घरी येत होता, आईला आणखी काय पाहिजे?

ईस्टरनंतरच्या रविवारी ती जेवायला आली. आम्ही चौघं आणि माझी नणंद फिलोमेना. ओथमारची थोरली बहीण. जीभ अशी, की तिच्यासमोर सुरीची गरज नाही. बटाटे संपले, चीजची कढई खरवडून झाली, आणि ओथमारनं घसा खाकरला.

"तुमच्या घराचं चिन्ह काय?"

"आमचं?" दुल्से म्हणाली. "काहीच नाही. आमच्या घरावर टपालपेटी आहे फक्त."

"मग नवीन करावं लागेल. तुझ्यापासून सुरू. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

"सार्डिन मासा काढा," फिलोमेना म्हणाली. "डब्यातला."

पोर्तुगालचे म्हणजे मासेखाऊ, असा तिचा टोमणा. पण पोरगी काय म्हणावी? "चालेल की आत्या! पण तुमच्या बोकडाला वास सोसेल का?"

ओथमारच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, ते हसू होतं.

मग ती म्हणाली, "माझ्या बाबांचा दिवा काढता येईल? बोगद्यात काम करताना हेल्मेटवर लावायचे तो. तसलाच एक जुना आई रात्री खिडकीत लावून ठेवायची. बाबा घरी आले की मी विझवायचे."

"कुठला बोगदा?"

"हाच. डोंगराखालचा, रेल्वेचा."

ओथमारनं पावाची कागदी पिशवी फाडून सरळ केली आणि पेन्सिल काढली. "तो आमच्या वरच्या कुरणाच्या बरोबर खालून जातो," तो म्हणाला. "सुरुंग लागले की गाई दचकायच्या. म्हणजे तुझा बाप होय तो!"

"सॉरी म्हणून सांगते त्यांना."

"हेल्मेट नको पण. हेल्मेट ढालीच्या माथ्यावर काढायची रीत आहे, ढालीच्या आत नाही. नुसता दिवा घेऊ. जुन्या घडणीचा, कडीवाला, म्हणजे दिवा आहे हे कळेल."

"पांढरा दिवा, मागे पिवळं?"

"छे! पिवळ्यावर पांढरं लांबून दिसतं का? ढाल समोरच्या उतारावरून ओळखू यायला पाहिजे. लाल घे मागे. लालवर पिवळा दिवा."

दोघं डोक्याला डोकं लावून बसले. तिनं कडी मोठी करायला लावली, त्यानं ज्योत तीन टोकांची केली. मी भांडी आवरायची सोडून बघत उभी राहिले. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या चांदण्या कुणी नीट बघितल्यासुद्धा नव्हत्या. बरं वाटलं मला, खोटं का बोलू? आणि तेवढ्यात किलियाननं विचारलं.

"आणि आपला बोकड, बाबा?"

पेन्सिल थांबली. फिलोमेनानं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओथमारनं कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"ते माझं मी बघतो."

झालं. एवढ्या चार शब्दांनी माझी झोप गेली.

दुल्सेला सोडून आल्यावर किलियान मला गोठ्यात गाठून म्हणाला, "आई, एक सांगून ठेवतो. त्या बोकडानं दुल्सेकडे पाठ केली, तर आम्ही त्या क्षणी उठून जाणार. वरचा मजला नको, गाई नकोत, काही नको. परत या दारात येणार नाही."

"असं काय करतोस रे! बाबाला विचारू तरी दे."

"विचारू नकोस. मी धमकी दिली म्हणून वळवलेला बोकड मला नकोय. मी लहानपणापासून बघतोय तुला ती काच पुसताना. तिला मी ती पुसू देणार नाही."

पोराच्या लक्षात आलं होतं, हेच मला नवीन होतं. मी गाईच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. ओथमारचा स्वभाव असा, की उजवीकडे ढकललं तर डावीकडे जाणार. काही बोलावं तर बिघडेल, न बोलावं तर तो बापाचा कित्ता गिरवेल. तो ब्रिगला जाऊन काच रंगवणाऱ्या इमबोडनबाईंकडे चित्र देऊन आला. काय सांगितलंस म्हणून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाला, "काच करायला सांगितली." अरे देवा! काचच करायला सांगणार, खाटिकाकडे थोडाच गेला होतास!

मी काय काय केलं नाही? जेवताना धाकट्या जावेच्या काचेचं कौतुक केलं, बोकड किती छान बघतोय म्हणून. तो म्हणाला, मीठ दे. पाद्रीबुवांना घरी चहाला बोलावलं आणि परक्याला आपलंसं करण्यावर बोला म्हणून आधीच सांगून ठेवलं. ते गाईंच्या लसीवर बोलत बसले.

फिलोमेना आली ती आगीत तेल ओतायलाच. "तुला काय वाटतं, वळवेल?"

"तुम्हाला काय वाटतं, ताई?"

"कठीण आहे बाई. वळवला तर लोक म्हणतील, पोर्तुगालची चालली, नदीपलीकडची नाही चालली. तुझ्या तोंडावर मारल्यासारखं होईल ते. नाही वळवला, तर पोरीच्या तोंडावर." तिनं कॉफीत साखर घातली. "माझ्या भावाची गोची केलीय तुम्ही दोघींनी."

आम्ही केली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गेल्यावर मात्र विचार डोक्यातून जाईना. खरंच, त्या पोरीसाठी बोकड वळला तर मला कसं वाटेल? दोन काचा शेजारी शेजारी टांगणार. येणारा-जाणारा बघणार. मला त्या विचाराची लाजही वाटली आणि तो विचार जातही नव्हता. सुनेच्या सुखानं पोटात दुखणारी सासू व्हायचं नव्हतं मला.

त्या संध्याकाळी ओथमार खिडकीजवळ बसून बुटाला मेण लावत होता. माझा तोल गेला.

"हे बघ," मी म्हटलं, "माझं झालं ते झालं. मी गिळलं. पण त्या पोरीला तेच गिळायला लावलंस, तर मी तुला या जन्मात माफ करणार नाही. कळलं?"

त्यानं बूट खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडेही बघितलं नाही. उठला आणि गोठ्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट चढवून खालची बस पकडून गेला, आणि आला तेव्हा विचारायची सोय नव्हती असं तोंड होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. विचारूसुद्धा नको म्हणून पोरानं बजावलं होतं, आणि मी सरळ ढकललं होतं.

दोन दिवस कळ काढली, मग दात दाखवायला जाते असं सांगून मीही ब्रिगला गेले. इमबोडनबाईंचं दुकान स्टेशनमागच्या गल्लीत. बाई माझ्याच वयाच्या, हात कायम काळे. भट्टीजवळच्या टेबलावर काही काचा फडक्याखाली झाकलेल्या होत्या.

"रुप्पेनांची काच बघायची होती जरा."

"ज्यानं सांगितलं त्यालाच दाखवते मी. लग्नाआधी काच कुणी बघायची नसते, तुम्हाला काय सांगायला पाहिजे?"

"बघत नाही. एवढंच सांगा, बोकड कुणीकडे बघतोय?"

बाईंनी हात पुसले. "क्रेसेन्सबाई, तुमची काच माझ्या वडिलांनी केली होती. पुन्हा पुन्हा विचारलं होतं त्यांनी तुमच्या सासऱ्यांना, नक्की ना म्हणून. मला आठवतंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचे यजमान परवा येऊन गेले. आधी सांगितलेलं बदलून गेले. याहून जास्त मला विचारू नका."

बदलून गेले! म्हणजे आधी काय होतं? आधी वळलेला होता आणि मी बोलले म्हणून पाठमोरा केला? की आधी पाठमोरा होता? येताना बसमध्ये मी दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि दर वळणावर उत्तर बदललं. ओथमारला मी ओळखते. बायकोनं दम दिला म्हणून बदललं, असं त्याच्या हातून आजवर घडलेलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की मीच माझ्या हातानं घर मोडलं.

लग्नाचा दिवस उजाडला. ऊन छान होतं, चर्चमध्ये दुल्सेची आई ढसाढसा रडली, बाप उंचापुरा, हात फावड्याएवढे, घडीघडी टाय सैल करत होता. सगळे हसत होते. मी हसत होते आणि आतून जीव टांगणीला लागलेला.

जेवण आमच्याच बैठकीत. सुकवलेलं मांस, राय धान्याचा काळा पाव, पांढरी वाइन. काच खिडकीत टांगून झालेली, माझ्या काचेच्या शेजारीच, वर पांढरं फडकं. जेवण झाल्याशिवाय फडकं काढायचं नाही अशी रीत. किलियाननं कोट काढला नव्हता. गाडीची किल्ली त्यानं ताटाशेजारी ठेवलेली मला दिसत होती.

शेवटी ओथमार उठला. भाषण वगैरे त्याच्या बापजन्मात जमलं नाही. "ही आमची नवीन काच," एवढंच म्हणाला आणि फडकं ओढलं.

मला आधी नुसता लाल रंग दिसला. मग दिवा, तीन टोकांची ज्योत. मग मी हिंमत करून डावीकडे बघितलं.

बोकड वळला होता. शिंगं मागे, मान खाली, नाक थेट दिव्याकडे. जवळ जाऊन शेकत असल्यासारखा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किलियाननं किल्ली खिशात टाकली आणि माझ्याकडे बघून डोळे मिटले. माझ्या जिवात जीव आला. गंगेत घोडं न्हालं, असं म्हणून मी वाइनचा पेला उचलला, आणि तो तोंडाशी न्यायचा राहूनच गेला. कारण शेजारीच माझी काच होती. ऊन दोन्हींतून सारखंच येत होतं. एका बोकडाचं तोंड, एका बोकडाचं ढुंगण. मला आनंद झाला होता, शपथेवर सांगते. आणि मला मोठ्यानं रडावंसंही वाटत होतं.

दुल्से काच जवळून बघायला खिडकीशी गेली. दिव्याच्या ज्योतीला बोट लावलं, बापाला हाक मारून दाखवलं. आणि मग तिची नजर शेजारी गेली.

"अय्या! आई, तुमचा बोकड पलीकडे का बघतोय?"

पाहुण्यांनी एकेक करून पेले खाली ठेवले. पोरीला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. "म्हणजे... बाकी सगळे इकडे बघतायत, म्हणून विचारलं," ती म्हणाली. किलियाननं तिला काही सांगितलंच नव्हतं. फिलोमेना, जिला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं, ती टेबलावरचे पावाचे तुकडे वेचायला लागली.

मीच काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते. इतकी वर्षं तेच केलं. काचवाल्याची चूक, असं सांगायचे मी पाहुण्यांना.

"कारण मी गप्प बसलो," ओथमार म्हणाला.

तो अजून फडकं हातात घेऊन उभा होता.

"बापानं पाठ कर म्हणून सांगितलं आणि मी गप्प बसलो. ही चर्चमधून माझ्या हाताला धरून आली आणि तिनं इथं उभं राहून हे बघितलं. पहिल्या हिवाळ्यात ती बर्फात उभी राहून बाहेरून बघत होती, बाहेरून तरी वळलेला दिसतो का म्हणून. मी गोठ्याच्या दारात होतो. मी बघितलं आणि तेव्हाही गप्प बसलो."

माझ्या हातातला पेला कुणीतरी काढून घेतला. दुल्सेनंच बहुतेक.

"या खेपेलाही मी बोकड पाठमोराच काढायला सांगितला होता," तो म्हणाला. आता तो फक्त माझ्याशी बोलत होता, बाकीचे असल्याचं त्याला भान नव्हतं. "तुला नाही दिलं ते तिला दिलं, तर तुझ्याकडे बघू कुठल्या तोंडानं? म्हणून पाठमोरा. मग तू त्या दिवशी म्हणालीस, माझं झालं ते झालं, तिचं नको. मग मी गेलो बदलायला. इमबोडनबाईला म्हटलं, हिचीही काच नवीन कर. ती म्हणाली, बायकोला विचारून ये. मला विचारवेना."

त्यानं माझ्या काचेकडे बोट केलं. "करू का नवीन?"

पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. हो म्हणायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, जुनी काच माळ्यावर जायची. आणि मग? झालंच नव्हतं म्हणून चालायचं?

"काही नको नवीन," मी म्हटलं. आवाज फुटला माझा, पण म्हटलं. "हीच राहू दे. इथंच राहू दे, सगळ्यांना दिसेल अशी."

त्याचं तोंड पडलं.

"आणि उद्यापासून ती तू पुसायचीस," मी म्हटलं. "मी पुष्कळ पुसली."

आधी दुल्से हसली, मग तिचा बाप, काही कळलं नसताना. मग सगळेच. ओथमार हसला नाही. त्यानं हातातल्या त्या पांढऱ्या फडक्याकडे बघितलं, आणि नीट चौकोनी घडी घालून ते कोटाच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन आले, तर तो पायातले बूट काढून स्टुलावर चढला होता. तोंडाची वाफ काचेवर सोडत होता आणि पुसत होता, आधी माझ्या दोन चांदण्या, मग बोकड. मला दमानं घे म्हणावंसं वाटलं, तो पडेल म्हणून. पण मी दूध चुलीवर ठेवलं आणि तिथंच बघत उभी राहिले.